माझ्या भरवशावर माहेर नाकारलं

मित्रांनो, मी आरोग्य विम्याचं एक जुनं कार्ड आहे. जुनं म्हणजे वय अवघं तीन वर्षांचं; पण लाज वाट्याला आली की वय भराभर वाढतं. माझे कोपरे झिजलेत, नावाची अक्षरं पुसट झालीत. तरी मला बोलायचंच आहे, कारण माझी भावंडं तुमच्याही घरात असतील.

दूरच्या एका शहरात यंत्राच्या तोंडातून मी बाहेर पडलो, गरम आणि चकचकीत. माझ्या अंगावर हसऱ्या आईबापाचं आणि गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. त्या बाळाकडे पाहून वाटायचं, आपल्या हातून काही मोठं पुण्य होणार! माझ्यासोबत पाकिटात बारीक अक्षरांची एक पुस्तिकाही होती. खरी गोष्ट तिच्या पोटात होती. मी नुसताच देखणा.

बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये वीरेंद्र काम करायचा. मालकाने कामगारांचा विमा काढला आणि मी त्याच्या खिशातून रामपायलीकडच्या एका गावात आलो. वीरेंद्रच्या आईने, दुर्गाबाईंनी, हात धुऊन मला घेतलं, कुंकू लावलं आणि देवापाशी ठेवलं. पुस्तिका इंग्रजीत. "कोन वाचनार थे इंग्रजी?" म्हणत त्यांनी ती निरांजनाखाली अंथरली. तेल पिऊन ती गप्प झाली.

दुसऱ्या वर्षी वीरेंद्रच्या बायकोला, मयुरीला, दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. तो आईचा मान, आणि खर्चही तिचाच. सातव्या महिन्यात मयुरीची आई गोदाबाई लामत्याहून आल्या. बाजारात मुरमुरे विकून एकटीने लेक वाढवलेली बाई. ओटी भरून झाली आणि त्या विहिणीला म्हणाल्या, "ईनबाई, लेकीले न्याले आली मी."

दुर्गाबाईंनी मला देवापासून उचललं आणि जमलेल्या बायांपुढे धरलं. "नेता कायले? आमच्यापाशी कार्ड हाय. बालाघाटच्या मोठ्या दवाखान्यात करू. तुम्ही नुसत्या नातवाले पाहाले या."

गोदाबाई हसल्या. "कार्ड शेक देते का वो ईनबाई? डिंकाचे लाडू वळते का?"

बाया खळखळून हसल्या. दुर्गाबाईंना ते झोंबलं. "तुम्ही मुरमुरे विकून किती जमवान? राहू द्या."

गोदाबाईंनी पदर सावरला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बस पकडायला निघून गेल्या. मयुरी दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. आणि मी? मी फुगलो होतो. मित्रांनो, ती माझी पहिली लाज.

गावची आशा कार्यकर्ती मंजू दोनदा येऊन गेली. "काकू, सरकारी दवाखान्यात नाव लिहवून देतो. पैसा लागत नाही."

"ज्याच्यापाशी कार्ड नाही, त्यानं जावं," दुर्गाबाई म्हणाल्या.

मग तो दिवस आला. बालाघाटच्या एका खाजगी दवाखान्यात मयुरीचं ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. इवल्या मुठी, काळंभोर जावळ. मायलेकी सुखरूप होत्या. चौथ्या दिवशी सकाळी सुट्टी मिळाली आणि दुर्गाबाईंनी मोठ्या ऐटीत मला काउंटरवर ठेवलं.

काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं. "आंटी, इसमें डिलीवरी का बीस हजार तक ही मिलता है. बाकी आपको भरना पड़ेगा."

"नीट पाय ना बाई. पालटून पाय."

तिने मला पालटलं. मागे फक्त एक फोन नंबर होता.

मित्रांनो, तेव्हा मला अंग चोरून घ्यावंसं वाटलं. मी एवढासाच होतो. पहिल्यापासून एवढासाच होतो. पण कुंकवाखाली आणि कौतुकाखाली मी कुणाला तसा दिसलोच नाही.

वीरेंद्रने मिलमधून उचल आणली, तरी अठरा हजार कमी पडले. तो मान खाली घालून पायरीवर बसला. आत मयुरी बाळाला लुगड्यात गुंडाळून निघायची वाट पाहत होती. शेवटी दुर्गाबाईंनीच फोन लावला.

"ईनबाई... मुलगी झाली, थे त वीरेंद्रनं सांगतलंच हाय. हौ, दोघीबी बऱ्या हायेत. आज सुट्टी हाय..."

तिकडून गोदाबाईंनीच विचारलं, "किती कमी पडले?"

दुपारच्या बसने त्या आल्या. बाळंतपणासाठीच साठवलेल्या नोटा फडक्यात बांधून आणल्या होत्या. टोमणा नाही, हिशेब नाही. पैसे भरले, नातीची दृष्ट काढली आणि एवढंच म्हणाल्या, "आता लेकीले मी नेते."

दुर्गाबाईंनी मान हलवली. त्यांच्या बटव्यात मी काळोखात तोंड लपवून पडलो होतो.

बारसं लामत्यालाच झालं. पाळण्याभोवती बाया ओव्या गात होत्या:

लेक आली घरा, कुशी घेऊन चांदणी
आजी न्हाऊ घाली तिले, कढत कढत पाणी

गाणं थांबलं तशी गोदाबाईंच्या शेजारची नूतन दुर्गाबाईंजवळ सरकली. तिलाही दिवस होते. "आजी, तुमचं सारं कार्डावरच झालं म्हन्तात. आम्हालेबी मिळालं हाय. मीबी मोठ्या दवाखान्यातच जातो."

सगळ्या बाया वळल्या. गोदाबाई पटकन म्हणाल्या, "हौ, कार्डावरच झालं. तू पेढा खाय." विहिणीची लाज त्या राखत होत्या.

दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बटव्यातून मला काढलं आणि नूतनच्या तळहातावर ठेवलं.

"खोटं हाय. यानं बीस हजार देल्ले. माह्या नातीले या मुरमुरेवालीनं घरी आनलं. अन् हिलेच मी चार बायांत बोल्ली होती."

"पुरे ना ईनबाई, लेकरू उठन."

"उठू द्या. तिलेबी आयकू द्या. नूतन, पयले सरकारी दवाखान्यात नाव लिहव. अन् कार्ड कितीचं हाय, थे आधी वाचून घे."

नूतनने मला मुठीत धरलं नाही. उजेडात धरलं, मागून पुढून पाहिलं. मला शरम वाटली. पण ती पहिलीच शरम, जिच्यात मला लपावंसं वाटलं नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडून विनंती आहे. मला पुजू नका, वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर वाचून घ्या. मी काय देतो एवढंच नको. काय देत नाही, तेही विचारा. आणि माझ्या जोरावर कुणाचा पुढे आलेला हात लोटू नका. मी वीस हजारांचा आहे. मला तेवढ्याचाच समजा.