बोटामागून येणारा आवाज

घरात एखादी वस्तू घ्यायची ठरली, की जिच्यासाठी घ्यायची ती व्यक्ती सोडून बाकी सगळ्यांना मत असतं. तुमच्याही घरी असंच होत असेल. अक्काच्या घरी त्या संध्याकाळी अगदी तसंच झालं.

जेवणाच्या टेबलाशी अक्का, तिचा मुलगा आणि सून बसली होती आणि विषय होता धाकटीच्या फोनचा. धाकटी म्हणजे अक्काची बहीण, अक्काहून नऊ वर्षांनी लहान. चौथ्या वर्षी तापात तिचे डोळे गेले, त्याला आता त्रेपन्न वर्षं झाली. लग्न केलं नाही, अक्काच्याच घरी राहिली, आणि गेली एकोणतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोनच्या बोर्डावर काम करत होती. तिथे तिला सगळे ‘बोर्डावरच्या बाई’ म्हणत. तीनशेच्या वर नंबर तोंडपाठ! पण पुढच्या सोमवारपासून तो बोर्डच निघणार होता. येणारे फोन यापुढे आपापल्या मोबाइलवरून जोडायचे, असा हुकूम निघाला होता आणि धाकटीकडे होता जुना, बटणं झिजलेला फोन.

“मावशीला सगळ्यात भारी घ्यायचा,” मुलगा म्हणाला. “माझ्याकडून. घ्यायचा तर एकदाच चांगला.”

“भारी कशाला?” अक्का म्हणाली. “त्या एवढ्या मोठ्या काचेचं ती करणार काय? साधासा घ्यावा. बोलला म्हणजे झालं.”

“आई, तसं नसतं गं.”

“कसं असतं ते तू मला शिकवू नकोस. तू जन्माला यायच्या आधीपासून मी सांभाळतेय तिला.”

“रंग कुठला घ्यायचा पण?” सून म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेल्या धाकटीचा आवाज आला, “फोन घेताय की माझं स्थळ बघताय? मुलीला विचारायची पद्धत त्यातही नव्हती म्हणा!”

सगळे खळखळून हसले. हसले आणि पुन्हा आपापसात बोलायला लागले.

रात्रभर विचार करायचा अक्काचा स्वभावच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच बाजारात गेली. तिला कुणी दोष देऊ नये. धाकटीचे डोळे गेले तेव्हा अक्का तेरा वर्षांची होती. आईने चार वर्षांच्या पोरीचा हात तिच्या हातात दिला आणि म्हणाली, “हिचं बोट सोडू नकोस.” अक्काने ते सोडलं नाही. शाळेत नेलं, आणलं, पुस्तकं वाचून दाखवली. शेजारच्या डॉक्टरांकडे तेव्हा नवा काळा फोन आला होता, चकती फिरवायचा. आठ वर्षांच्या धाकटीने एका दुपारी त्या चकतीची दहाही भोकं बोटांनी पाठ केली, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दारात घंटा वाजवत आगीचा बंब आला! कुणी बोलावला ते गल्लीत कुणालाच कळलं नाही. अक्काला कळलं होतं. तिने आजतागायत ते कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे रुग्णालयातला बोर्ड बदलला, फोन जोडायच्या दोऱ्या जाऊन बटणं आली, तेव्हाही अक्काच मदतीला गेली होती. नेलपॉलिशची बाटली घेऊन. महत्त्वाच्या बटणांवर एकेक थेंब ठेवला, वाळला की बोटाला लागायचा. अशी बहीण फोन घ्यायला एकटी गेली, तर त्यात तिला वावगं वाटावं तरी कसं?

“बोलतो का हा?” तिने दुकानदाराला विचारलं.

“काकू, हल्ली सगळेच बोलतात.” त्याने काहीतरी दाबलं आणि फोनने चक्क मराठीत वेळ सांगितली. अक्का हरखली. जो सगळ्यात स्वस्त होता तो तिने बांधून घेतला.

“अगं, एकटी गेलीस?” धाकटी म्हणाली. तिने फोन हातात घेतला, पाठीवरून बोट फिरवलं, कडा चाचपल्या. “छान आहे हं.”

अक्काने ‘छान’ ऐकलं. त्याच्या आधीचा छोटासा खंड तिला ऐकू आला नाही.

असे फोन ज्यांना दिसत नाही ती माणसं कशी वापरतात, हे मलाही पूर्वी ठाऊक नव्हतं. काचेवर बोट ठेवलं की बोटाखाली जे असेल त्याचं नाव फोन बोलून दाखवतो. हवं ते सापडलं की दोनदा टकटक करायची. एवढंच. धाकटीचा तर हातखंडा होता, रुग्णालयातल्या एका परिचारिकेच्या फोनवर ती शिकली होती. आता चार दिवस ती संध्याकाळी खिडकीशी बसून बोट फिरवत राहिली. मधूनच फोन ओरडायचा, “अभिनंदन! आपण भाग्यवान ग्राहक आहात!”

“हे काय गं?” अक्का विचारायची.

“जाहिरात. स्वस्त आहे ना, म्हणून पोट भरायला बिचारा दारोदार फिरतो. पण असू दे. दिवसातून तीनदा मला भाग्यवान म्हणतो. या घरात कोण म्हणतं?”

शुक्रवारी रुग्णालयात या नव्या पद्धतीची चाचणी होती. त्या दिवशी धाकटी घरी आली ती चपला न काढताच खुर्चीवर बसली. अक्काला तेवढं पुरलं.

“काय झालं?”

“एक गृहस्थ किडनी विभाग मागत होते. वडिलांचं ऑपरेशन चालू होतं. यादीत वर ‘किचन’ आणि त्याखाली ‘किडनी’. मी बोट खालून वर नेत होते. फोन ‘किडनी’ म्हणाला, मी टकटक केली. पण तो म्हणेपर्यंत माझं बोट पोचलं होतं ‘किचन’वर.”

“अगंबाई! मग?”

“मग काय! त्यांनी विचारलं, ‘आमचे बाहेर कधी येणार हो?’ आणि आचारी म्हणाला, ‘उकळी आली की लगेच उतरवतो!’”

सुनेच्या तोंडातला चहा टेबलावर उडाला. मुलगा पोट धरून हसायला लागला. धाकटीही हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बारीक झाला.

“एकोणतीस वर्षांत चुकीचा जोडलेला पहिला फोन,” ती म्हणाली. “ते गृहस्थ रडकुंडीला आले होते गं. मी पुन्हा जोडून दिला, माफी मागितली. मग मुख्य कारकून आले. चांगला माणूस आहे, अगदी हळू बोलला. म्हणाला, ‘बाई, कशाला जिवाला त्रास? सोमवारी शेवटचं बघू. नाही जमलं तर नुसत्या येऊन बसत जा, पगार चालूच राहील.’” तिने ओठ घट्ट मिटले. “नुसत्या बसा! अक्का, खुर्चीलासुद्धा काहीतरी काम असतं गं!”

अक्काने खुर्ची पुढे ओढली. “तो फोन वाईट आहे, हे मला सांगितलं का नाहीस?”

“वाईट नाही. गजर लावायला, तुझ्याशी बोलायला झकास आहे. सावकाश काम असेल त्याला तो पुरेल. पण माझं काम धावपळीचं. माझं बोट पुढे जातं आणि त्याचा आवाज मागून येतो.”

“मग बोलायचं होतंस की! मुकी आहेस का?”

“तू विचारलंस कुठे?”

“बघ आई,” मुलगा मध्येच म्हणाला, “मी सांगत होतो, भारी घेऊ या!”

“तूही विचारलं नाहीस रे राजा,” धाकटी त्याच्याकडे तोंड करून म्हणाली. “हिने लहान किंमत बघितली, तू मोठी बघितलीस. माझं बोट कुणी बघितलं? अक्का, मागच्या वर्षी तुझा मोतीबिंदू काढला. नंतर चष्मा करायला आपण दोघी गेलो होतो. आठवतं? डॉक्टरांनी एकेक भिंग तुझ्या डोळ्यांपुढे धरलं. ‘आता नीट दिसतं? आणि आता? हे बरं का आधीचं?’ तू तर पाऊण तास घेतलास! मी बाकावर बसून ऐकत होते. तेव्हा कुणी मला म्हणालं का, की बाई, तुमच्या बहिणीला कुठला चष्मा लागेल?”

अक्काचा हात आपसूक चष्म्याकडे गेला.

“तसंच एकदा मला विचारा ना. ‘आता नीट ऐकू येतं? आणि आता?’ एवढंच.”

अक्का उठली, गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली माणसं कामावरून परतत होती. ‘हिचं बोट सोडू नकोस.’ तिने सोडलं नव्हतं, खरंच सोडलं नव्हतं! पण त्रेपन्न वर्षं ती बोट धरून पुढे चालत राहिली होती, आणि मागच्या माणसाला कुठे जायचंय हे वळून कधी विचारलंच नव्हतं. चार वर्षांची पोर सत्तावन्न वर्षांची झाली, हे सगळ्या जगाला दिसलं होतं. दिसलं नव्हतं ते डोळस अक्काला!

आत येऊन ती धाकटीच्या शेजारी बसली. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “तुला कसा फोन हवाय?”

“मला तरी कुठे माहीत?” धाकटी हसली. “हातात घेतल्याशिवाय कसं सांगू? उद्या चल माझ्याबरोबर.”

शनिवारी दोघी बहिणी आणि मुलगा असे तिघं दुकानात गेले. दुकानदाराने धाकटीच्या हातातली पांढरी काठी बघितली आणि अक्काकडे वळून विचारलं, “यांना काय दाखवू?”

उत्तर अक्काच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“त्यांनाच विचारा,” ती म्हणाली. “फोन त्या वापरणार आहेत. मी नुसती आलेय.”

दुकानदार ओशाळला. “माफ करा हं, बाई. काय दाखवू?”

“सगळ्यात भारी आधी दाखवा. भाच्याचं मन मोडायला नको.”

तो भारी फोन गुळगुळीत, पातळ, माशासारखा निसटणारा. उघडायला गेली तर फोन म्हणाला, “फोनकडे बघा.”

“अय्या!” धाकटी म्हणाली. “या वयात कुणीतरी म्हणतंय, माझ्याकडे बघा!”

दुकानदारसुद्धा हसला. चेहरा बघून उघडणं बंद करता येतं, असं त्याने सांगितलं आणि करूनही दिलं. मग धाकटीने आवाजाचा वेग वाढवला. इतका वाढवला, की बाकीच्यांना नुसती चुरचुर ऐकू येत होती. काचेवर तिचं बोट सरसर धावू लागलं आणि फोन तिच्या पावलाशी पाऊल जुळवून बोलू लागला.

“हा चालतो माझ्याबरोबर,” ती म्हणाली. मुलाचा चेहरा खुलला. “पण इअरफोनची वायर कुठे घालायची?”

“याला वायर नसते. बिनवायरचे घ्या.”

“नको. एक माझ्या कानातून पडला तर शोधायला माणूस ठेवावा लागेल. आणि दुपारी तीनला चार्जिंग संपलं तर? माझ्या एका कानाला फोन लागतो, दुसरा कान खिडकीशी आलेल्या माणसासाठी मोकळा लागतो.”

“वायरसाठी एक छोटा जोड मिळतो.”

“हरवण्यासारखी आणखी एक वस्तू.” तिने तो फोन परत दिला. “तुमच्याकडे एखादा जाड फोन आहे का हो?”

“जाड?” दुकानदार गोंधळला. “बाई, लोक पातळ मागतात. मागच्या वर्षीचा एक पडून आहे, पण कुणी घेत नाही त्याला. दाखवलाच नसता मी.”

त्याने कपाटाच्या मागून खोका काढला. फोन ठोकळ्यासारखा होता. कडेला बोटाला लागणारं उंच बटण, खाली वायरीचं भोक. धाकटीने इअरफोन लावला, बोट खाली नेलं, वर आणलं, पुन्हा खाली. जाहिरात आली नाही. आवाज मागे राहिला नाही. मग तिने पर्समधून औषधाची पट्टी काढली, फोनचा कॅमेरा तिच्यावर धरला आणि त्याने गोळीचं नाव वाचून दाखवलं.

अक्का पुढे झाली. “आता नीट ऐकू येतं?”

धाकटीने मान वळवली. तिचा चेहरा अक्काने गेल्या कित्येक वर्षांत इतका नीट बघितला नव्हता.

“येतं,” ती म्हणाली.

किंमत मुलाच्या भारी फोनइतकी नव्हती आणि अक्काच्या स्वस्त फोनइतकीही नव्हती. धाकटीने ती स्वतःच्या पगारातून दिली. मुलगा “मावशी, मी...” म्हणायला लागला, तशी ती म्हणाली, “तू परवा मला आइस्क्रीम दे. त्यात मात्र सगळ्यात भारी!”

सोमवारी सकाळपासून अक्काचं लक्ष कशात लागेना. साडेअकराला तिने न राहवून रुग्णालयाचा नंबर फिरवला.

“नमस्कार. कुणाशी बोलायचंय आपल्याला?” पलीकडून आवाज आला. शांत, खणखणीत, अगदी एकोणतीस वर्षांपूर्वीचा.

अक्काने आवाज जाड केला. “बोर्डावरच्या बाई आहेत का?”

“अक्का, ड्यूटीवर आहे मी. तीन फोन मागे थांबलेत. ठेव बघू!”

आणि फोन बंद झाला. उभ्या जन्मात धाकटीने अक्काला असं झटकलं नव्हतं. अक्का रिकाम्या घरात एकटीच कितीतरी वेळ हसत बसली.

मंडळी, आपण प्रेमळ माणसं आहोत, म्हणून तर ही चूक आपल्या हातून होते. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, त्याच्यासाठी आपण धावतो, खर्च करतो, आणि धावपळीत त्यालाच विचारायचं विसरतो. कधी काटकसर म्हणून कमी देतो, कधी माया म्हणून जास्त देतो. दोन्ही वेळा निवड आपलीच असते. फोन असो, काठी असो की राहायची खोली, वस्तू आधी त्याच्या हातात द्या. मग विचारा. आणि उत्तर येईपर्यंत, कितीही जड गेलं तरी, गप्प बसा.