भिंगातले खडे

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो. माझ्यातून पाहाल तर मुंगी झुरळाएवढी दिसेल. म्हणून काही मुंगीचे झुरळ होत नाही. एवढी साधी गोष्ट अकोल्याच्या बाजारात एका शहाण्याला कळली नाही.

विलायतेत एका कारागिराने मला घासून घासून घडवले आणि पितळी कड्यात बसवले. त्या काळी अमेरिकेत लढाई पेटली होती. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसावर उड्या पडू लागल्या. मग लबाडीही आली. कोणी कापसात वाळू मिसळी, कोणी पाणी मारी. म्हणून एका पेढीने मला मागवून पारखी खुशालरावांच्या हाती दिले.

तोवर खुशालराव कापूस बोटांनी चोळत, चिमूटभर दाताखाली धरत. वाळू असली की दात करकरत. मी आले आणि त्यांनी बोटे आखडली. "भिंगापुढे काही लपत नाही," असे लोक म्हणत. मलाही ते गोड वाटे.

एके दिवशी बार्शीटाकळीच्या सत्यभामाबाई कापसाची गाडी घेऊन आल्या. त्यांच्या शेतातला वर्षाचा सगळा कापूस त्या गाडीत होता. मजूर मिळेनात म्हणून घाईने वेचलेला, त्यामुळे वाळक्या पानांचा चुरा त्यात राहिला होता. तेवढाच दोष. खुशालरावांनी मला डोळ्याला लावले. चुरा खड्यांसारखा दिसला. दिसणारच! लहानाचे मोठे करणे एवढेच मला येते. समोर काय आहे, हे मला कुठे ठाऊक असते?

"खडे हायेत याच्यात, बाई. लबाडीचा माल हाय."

"कावून हो भाऊ? पाला हाय तो. चिमटीत धरून पाहा, पीठ होते त्याचं."

"काच का खोटं बोलते?"

"काच कुठं बोलून राहिली, खुशालराव? तुमीच बोलून राहिले!" बाईंचा गाडीवान नत्थुजी म्हणाला.

सगळे हसले. त्या हसण्याने खुशालराव पेटले. भेसळीचा माल चारचौघांत जाळायचा, असा त्या बाजाराचा रिवाज होता. त्यांनी तिथेच गाडी रिकामी करवली आणि ढिगाला चूड लावायला लावली.

कापूस भडभडून जळाला. विस्तव निवल्यावर बाईंनी मूठभर राख तळव्यावर चोळली. काही टोचले नाही, काही करकरले नाही. पान जळते, मित्रांनो. वाळू जळत नाही.

"घ्या. आता तरी हात लावा!" त्यांनी काळा तळवा पुढे केला.

खुशालरावांनी हात मागे घेतला. पुन्हा मलाच डोळ्याला लावले आणि राखेकडे पाहून म्हणाले, "हे पाहा, खडे!"

बाईंनी मला हिसकावले आणि दगडावर आपटले. मी मधोमध तडकले. त्यांच्यावर मी कधीच रुसले नाही.

मित्रांनो, भिंग जरूर वापरा, मऊ फडक्याने पुसा, जपा. पण पाहून झाले की ते खाली ठेवा आणि वस्तूला हात लावा. समोर माणूस उभा असेल तर त्याचे ऐका. डोळा कोणाचाही चुकतो. पण पुढे केलेल्या राखेला जो हात लावत नाही, त्याला मी अजून माफ केलेले नाही.