विमानाची काच

तिसऱ्या रविवारीही राजानंद विमान न उडवताच शेतातून परत आले. वारं फार होतं म्हणाले आणि विमान कपाटावर ठेवून दिलं. त्यांची बायको ज्योत्स्ना अंगणात धुणं वाळत घालत होती. दोरीवरची साडी जागची हलत नव्हती. "असंल," एवढंच म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटरचं काम शिकवून राजानंद रिटायर झाले, तेव्हा पुण्याला नोकरीत असलेल्या भावनानं, त्यांच्या लेकीनं, रिमोटवर उडणाऱ्या विमानाचा किट आणून दिला होता. डब्यात कागदासारख्या हलक्या लाकडाच्या फासळ्या, एक मोटर, वायरींचा गुंता आणि हातभर लांबीचा नकाशा. ज्योत्स्ना घरी पर्स आणि शाळेची दप्तरं शिवायची, परतूरच्या दोन दुकानांत तिचा माल जायचा. तिच्या लांबलचक टेबलाच्या एका टोकाला शिलाई मशीन आणि दुसऱ्या टोकाला ते विमान, असे चार महिने गेले. पिवळंधमक विमान तयार झालं. त्याच्या पाठीवर वैमानिकाच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचा फुगीर घुमट होता. राजानंद त्याला कॅनोपी म्हणायचे, ज्योत्स्ना काच म्हणायची. बॅटरी त्या काचेखालीच बसायची. स्टेशनच्या पलीकडं त्यांच्या मित्राचं, मच्छिंद्रचं रान होतं. सोयाबीन निघालं की ते मोकळंच असायचं. पहिल्या हंगामात तिथं विमान इतकं उडालं, की रस्त्यानं जाणारे लोक गाड्या थांबवून बघायचे.

मग ऑगस्टमध्ये राजानंदांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेत जालन्याला नेलं म्हणून निभावलं. बोलणं परत आलं, पाय उचलायला लागला, अंगठे चालायला लागले. रिमोटच्या दांड्या अंगठ्यानंच हलवायच्या असतात, तेव्हा विमान खुशाल उडवा, व्यायामच होईल, असं डॉक्टरही म्हणाले. फक्त उजव्या हाताची चिमूट जमेना. चमचा मुठीत धरून ते जेवायचे. ज्योत्स्ना बघायची आणि दुसरीकडं बघायची.

चौथ्या रविवारी ते निघाल्यावर अर्ध्या तासानं तिनं थर्मासमध्ये चहा भरला आणि मागोमाग गेली. बांधावरच्या बाभळीपाशी येऊन ती थांबली. राजानंद ढेकळांत मांडी घालून बसले होते, विमान मांडीवर होतं. काच चार बारक्या स्क्रूंनी बसवलेली होती. बॅटरी घालायची तर ते काढायला हवे आणि पुन्हा लावायला हवे. डाव्या हातात पेचकस धरला तरी उजव्या हाताला तो गव्हाएवढा स्क्रू धरता येत नव्हता. त्यांनी एकदा धरला, सुटला. पुन्हा धरला, आणि तो काळ्या मातीत पडला. ते ओणवे होऊन माती चाळत राहिले. बराच वेळ. मग त्यांनी विमानावरची धूळ बाहीनं पुसली आणि नुसतेच बसले.

ज्योत्स्ना हाक न मारता परतली. भरलेला थर्मास तिनं घरी आल्यावर मोरीत ओतला. राजानंद आले आणि वाऱ्याबद्दल बोलले. तिनं पुन्हा "असंल" म्हटलं.

दर गुरुवारी ते व्यायामासाठी मच्छिंद्रबरोबर रेल्वेनं जालन्याच्या दवाखान्यात जायचे. त्या गुरुवारी ते बाहेर पडताच तिनं विमान टेबलावर घेतलं. विचार सरळ होता. पर्सला चुंबकाची बटणं लागतात, तशी तिच्याकडं डबाभर होती. स्क्रूच्या जागी ती लावली की काच टिचकीसरशी निघेल. तिनं स्क्रू काढले, बटणं मांडली आणि झटकन चिकटणाऱ्या गोंदानं चिकटवली. पण बटणं ढिली निघाली. विमान जरा वाकडं केलं की काच घसरायची. आणि जेवून येऊन बघते तर त्या गोंदाच्या वाफेनं सगळी काच आतून पांढरीफटक झालेली, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. तिनं ओल्या फडक्यानं पुसली, साबण लावला, खोबरेल चोळलं. काच तशीच.

संध्याकाळी राजानंदांनी ती बघितली.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कशाला?"

खोटं बोलायला तिच्याकडं तीन-चार कारणं तयार होती. तिनं त्यातलं एकही वापरलं नाही.

"रविवारी शेतात आल्ते मी. चहा घेऊन. बाभळीपाशी उभी होते."

राजानंदांचा चेहरा उतरला. ते काचेकडं बघत राहिले.

"मंग हाक का न्हाई मारली?"

"तुमाला आवडलं नसतं."

दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचे, औषध दिलं की घ्यायचे. ज्योत्स्नानं दप्तरांची ऑर्डर पुढं ओढून शिवायला घेतली, पण दोनदा चेन उलटी बसवली आणि दोनदा उसवली. काच खराब केल्याचं तिला तेवढं वाटत नव्हतं. नवरा जे एकट्यानं सोसत होता, त्यावरचं पांघरूण आपण न विचारता ओढलं, याचं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजानंद माळ्यावरून खोक्याच्या लाकडाचा एक ठोकळा घेऊन आले आणि तिच्या मशीनशेजारी ठेवला.

"ती काच आता गेली. नवी करायची तर आधी साचा लागतो. तू घासायचं, मी सांगायचं."

मग आठवडाभर ज्योत्स्ना आयटीआयची विद्यार्थिनी झाली. राजानंदांनी डाव्या हातानं वाकड्यातिकड्या रेषा मारून दिल्या, तिनं कानस आणि पॉलिशपेपर चालवला. शिकवताना त्यांचा आवाज जुना व्हायचा. इथं उंचवटा राह्यलाय, पुन्हा घास. डोळ्यानं बघू नको, बोटानं बघ. डाव्या हाताचं बोट ते साच्यावरून फिरवायचे आणि मान हलवायचे, आणि ती पुन्हा घासायला बसायची. एकदा ती वैतागून म्हणाली, की तुमची पोरं तुमाला मागं काय काय म्हणत असतील, ते आत्ता कळून राह्यलंय. ते हसले नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांनी केला, कप दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू तिच्यापर्यंत आणला.

साचा गुळगुळीत झाल्यावर काचेसाठी त्यांनी कोल्ड्रिंकची मोठी बाटली घेतली. बूड कापून साचा आत सारायचा आणि वरून गरम हवा मारायची, म्हणजे प्लास्टिक आक्रसून साच्याला घट्ट बसतं. गरम हवेचं मशीन चौकात मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या रूपालीकडून मागून आणलं. पहिल्या बाटलीला सुरकुत्या पडल्या. दुसरीला भोक पडलं. तिसरीच्या वेळी राजानंद तिच्या मनगटाला नुसतं बोट लावून उभे राहिले, हात थांबला की हलकेच पुढं ढकलायचे. ती काच बसली. साचा ठोकून काढला तर पाण्यासारखी नितळ.

बसवायची कशी, हे मात्र दोघांनी मिळून ठरवलं. पुढं लाकडाची छोटी जीभ खाचेत सरकवायची, मागं दोन चुंबकं. पर्सची नाहीत, रूपालीनं दिलेली, शर्टाच्या बटणाएवढी पण नखानंही निघणार नाहीत अशी जोरकस. गोंद या वेळी पांढरा, वाळायला रात्र घेणारा. सकाळी ज्योत्स्नानं काच मागून दाबली, तर ती दाबली की वर उसळायची. तिनं एक चुंबक उलटं चिकटवलं होतं. राजानंदांना हसू आवरेना. खुर्चीला धरून हसले. ऑगस्टपासून ते असे हसले नव्हते. ज्योत्स्ना रागवायला गेली आणि तिलाही हसू फुटलं.

चुंबक सुलटं झालं, पण आता काच इतकी घट्ट, की उचलायला पुन्हा चिमूटच लागत होती. ज्योत्स्नानं दप्तराच्या चेनला लावतात तसा पिवळ्या पट्टीचा फास शिवला, दोन बोटं आरामात जातील एवढा, आणि काचेच्या मागच्या कडेला बसवला. विमानावर असलं काही लोंबकळत नसतं, असं राजानंदांचं म्हणणं. तिनं तो शेपटीकडं तोंड करून, पाठीला चिकटून झोपेल असा पुन्हा शिवला. त्यांनी दोन बोटं घालून ओढलं. काच टक् करून निघाली. लावली. काढली. पुन्हा लावली. ज्योत्स्ना मशीनवर बसून खाली बघत शिवत होती, पण किती वेळा टक् वाजलं ते ती मोजत होती. अकरा वेळा.

रविवारी दोघं मिळून रानात गेले. मच्छिंद्र बैल बांधून आला. राजानंदांनी विमान उलटं करून झटकून बघितलं, काच जागची हलली नाही. ज्योत्स्नानं विमान डोक्यावर धरलं आणि त्यांनी सांगितल्यावर पुढं फेकलं. ते एकदा खाली दबलं, मग घुमत वर गेलं आणि स्टेशनच्या बाजूला वळलं. राजानंद तोंड वर करून, ओठ घट्ट मिटून अंगठे हलवत होते. ऊन काचेवर पडलं की वर बारीकसं चमकायचं.

उतरताना विमान जरा आदळलं आणि ढेकळांत तिरकं थांबलं. राजानंद जवळ जाऊन खाली बसले, दोन बोटांनी काच काढून मांडीवर ठेवली. बॅटरीची वायर घट्ट बसलेली होती. त्यांनी ती ओढून बघितली, पुन्हा ओढली. ज्योत्स्ना चार पावलांवर उभी होती आणि मुद्दाम दुसरीकडं बघत होती.

"ज्योत्स्ना," ते म्हणाले, "एवढी वायर ओढ. मला न्हाई जमून राह्यली."

ती बसली आणि वायर ओढली. दुसरी बॅटरी त्यांनी स्वतः सरकवली, काचही स्वतःच लावली. मच्छिंद्र वाकून बघत होता. त्यानं विचारलं, की ही काच पहिल्यावाली न्हाई, कुठून मागवली.

"आमच्या मिसेसनं केली," राजानंद रिमोट गळ्यात अडकवत म्हणाले. "लई चांगला हात आहे. मी निस्तं शेजारी बसून बोलत होतो."

ज्योत्स्नानं विमान उचललं आणि डोक्यावर धरलं.