लाल दोऱ्याच्या बाटल्या

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे आणि एका जागी बसणं मला कधीच जमलं नाही. १९८१ साली जालन्यातल्या एका पत्रेवाल्यानं तेलाचा डबा कापून मला घडवलं. कडी बसते न बसते तोच बेबीनंदानं मला काखेत मारलं आणि आम्ही मंठ्याची बस पकडली. आज मंठा, परवा बदनापूर, मध्येच एखादी जत्रा. माझा पत्रा कधी थंड झालाच नाही.

बेबीनंदा गोंदण करायची. बाया तिच्यापुढं हात पसरून बसत. कुणाला तुळस हवी असे, कुणाला भावाचं नाव. सुरुवातीला ती सकाळी काजळी खलून रंग करायची आणि उरलेला संध्याकाळी फेकून द्यायची. रंग शिळा व्हायला सवडच नव्हती. पुढं बॅटरीवरचं मशीन आलं आणि त्याच्याबरोबर बाटलीतला हिरवा रंग. तिचा नवरा कारभारी जालन्याहून बाटल्या आणायचा. नवी आली की जुनी मागं सरकायची, आणि मागं सरकलेली माझ्या कोपऱ्यात तशीच राहायची. बाटलीवर इंग्रजीत काहीतरी छापलेलं असे. ते वाचून घ्यायला हवं, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

एका दसऱ्यानंतर मंठ्याच्या बाजारात उषाबाई नावाची बाई आली. ऊसतोडीला अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं निघण्याआधी तिला लेकाचं नाव हातावर हवं होतं. पुढची बाटली संपली होती. बेबीनंदानं कोपऱ्यातली काढली. झाकण इतकं चिकटलेलं की तिनं ते दातानं फिरवलं. मशीन घरघरलं आणि ‘वसंता’ उमटलं.

काही दिवसांनी उषाबाई परत आली ती हाताला फडकं गुंडाळून. मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजला होता, अक्षरांतून पू येत होता. ती भांडली नाही.

“बाई, मोळी बांधाया जमंना,” ती म्हणाली. “टोळी निघून राह्यली. मुकादम म्हनतो, मी दुसरं जोडपं बघतो.”

बेबीनंदानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं, मलाही नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली आणि बाटली मागून घेतली. उजेडात धरून ते म्हणाले, “हिची मुदत मागच्याच वर्षी संपलीय. आणि उघडून किती दिवस झाले ते कुणालाच माहीत नाही. असला रंग सुईनं आत गेल्यावर दुसरं काय होणार?”

घरी आल्यावर बेबीनंदा चुलीपाशी बसेना, अंगणात थांबेना. शेवटी तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधायला घेतलं.

“कुठं निघाली?” कारभारीनं विचारलं.

“उसाच्या फडात. तिच्या जागंवर.”

“आपला धंदा सोडून मोळ्या वाहाया?”

“तिचा हात माझ्या सुईनं गेलाय. मंग मोळी कोन बांधील?”

मला ती बरोबर घेऊन गेली. उषाबाईचा नवरा ऊस तोडायचा, बेबीनंदा मोळ्या बांधून डोक्यावर वाहायची, आणि उषाबाई एका हातानं भाकरी थापायची. मी पाचटाच्या झोपडीत, त्यांच्या कोपीत, पडून असे. दुपारी बेबीनंदा यायची, माझं झाकण उघडायची, एकेक बाटली हातात घेऊन बघायची आणि पुन्हा बंद करायची. उसाच्या पात्यांनी चिरलेल्या बोटांनी माझी कडी लावायची. मला वाटे, हिनं आता मला विहिरीत टाकलं तरी चालेल, पण असं रोज उघडून बघू नये.

उषाबाईचा हात बरा झाला. ‘स’ तेवढा कायमचा फिसकटला.

परतल्यावर बेबीनंदानं साऱ्या बाटल्या खड्ड्यात पुरल्या. नवी बाटली घेताना ती दुकानदाराकडून तारीख वाचून घेई आणि तिथंच गळ्याला दोरा बांधी. होळीपर्यंत चालणारीला लाल, पोळ्यापर्यंत चालणारीला पांढरा, दिवाळीपर्यंत चालणारीला पिवळा. उघडली की खूण म्हणून दोऱ्याला आणखी एक गाठ. खरवडलेल्या लेबलाची बाटली ती हातातच घेत नसे. लागेल तेवढाच रंग टोपणात ओती आणि माणसागणिक सुई बदली.

मग एका वर्षी होळी सरली आणि दुसऱ्या दिवशी बाजार भरला. जालन्याहून नवा माल आलाच नव्हता. माझ्यात फक्त लाल दोऱ्याच्या बाटल्या होत्या आणि समोर बायांची रांग.

“होळी कालच झाली,” कारभारी हळूच म्हणाला. “एका रातीत काय त्याचं इख झालं का?”

“एका रातीत न्हाई झालं. पन उद्याबी तुमी हेच म्हनाल.”

बायांच्या देखत तिनं बाटल्या मातीत रिकाम्या केल्या. रांग मोडून शेजारच्या गोंदणाऱ्याकडं गेली. कारभारीनं त्या हिरव्या डागाकडं बघितलं. मग त्यानं मला उचललं आणि तो बसकडं चालू लागला. पुढच्या खेपेला तो जालन्याहून आला तेव्हा बाटल्यांना आधीच दोरे बांधलेले होते. त्याच्या हातच्या गाठी ओबडधोबड होत्या. बेबीनंदानं त्या सोडल्या नाहीत.

मित्रांनो, आता बेबीनंदाची नजर अधू झाली आहे आणि गोंदणाचं काम थांबलं आहे. सुनेनं मला धुऊन घरातली औषधं ठेवायला घेतलं. तापाच्या गोळ्या, मलमाची नळी, नातवाचं खोकल्याचं औषध. नवी बाटली आली की जुनी मागं सरकते. माझ्या कोपऱ्यात एक बाटली आहे, तिचं झाकण चिकटलं आहे. कुणी खोकलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

तुमच्या घरातही अशी एक पेटी असेल. ती रोज उघडली जाते, पण तिच्यातल्या औषधांवरची तारीख कुणी वाचत नाही. आज तुम्ही वाचा.