मुठीच्या दोन फळ्या

मी एक पिस्तूल बोलतोय. दचकू नका, मी रिकामा आहे. रिकामाच काय, धड पुरासुद्धा नाही. माझे निम्मे भाग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडलेत आणि उरलेला मी हेल्मी कोक्किलाच्या स्वयंपाकघरात, टेबलावर, एका जुन्या फडक्यावर आहे. आणि मला राग आलाय. पिस्तुलाला कसला आलाय राग, असं म्हणाल. ऐका तर खरं.

मी जन्मलो कारखान्यात, तेव्हाच्या रीतीने, सगळा पोलादाचा. माझ्या पोटात एक एवढासा पोलादी दात होता. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी हातोडी, मागे ओढला की तो दात त्याला धरून ठेवायचा. चाप ओढाल तेव्हाच दात सुटायचा, घोडा पडायचा आणि गोळी जायची. एरवी जग इकडचं तिकडे झालं तरी नाही. माझी सगळी अब्रू त्या दातात होती. पकड घट्ट, म्हणून चाप जरा जड. तो मुद्दाम जड ठेवलेला होता. चुकून लागलेल्या बोटाला मी दाद देत नसे, याचा मला अभिमान होता.

मला विकत घेतलं रेइनो कोक्किलाने. अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराकाठचं त्यांचं गाव. घरामागे जंगल, शेजारी हाकेच्या पलीकडे, आणि रेइनो लोखंडाच्या खाणीत रात्रपाळीला. नवी नवरी हेल्मी घरात एकटी. त्याने मला तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "हे तुझं."

"अस्वल आलं तर हे दाखवू त्याला?"

"अस्वलाकडे तू नुसतं रागाने बघ, पळेल ते. हे माणसांसाठी."

पण माझी मूठ तिच्या हातात मावेना. रेइनोचे पंजे फावड्याएवढे, त्याच्या हातात मी खेळणं दिसायचो. हिचा हात मात्र लहान. मग त्या हिवाळ्यात त्याने तिचा हात कागदावर ठेवला आणि भोवतीने पेन्सिल फिरवली. "बोट हलवू नकोस," असं तो सारखा म्हणत होता आणि ती मुद्दाम हलवत होती. वादळात पडलेल्या सफरचंदाच्या झाडाचं लाकूड त्याने जपून ठेवलं होतं. त्यातून त्याने माझ्या मुठीच्या दोन फळ्या कोरल्या, पातळ, तिच्या तळव्याच्या बाकाला धरून. तेव्हापासून मी तिच्या हातात असा बसायचो की माझं मलाच बरं वाटायचं.

त्यांच्या सौनाच्या, म्हणजे त्या वाफेच्या न्हाणीच्या पाठीमागे मातीचा उंचवटा होता. तिथे कॉफीचे रिकामे डबे मांडून दोघं सराव करायची. रेइनो बरा होता. हेल्मी मात्र अशी होती की डब्यांनी तिच्या नावाने बोटं मोडावीत. एकदा गावच्या नेमबाजी क्लबच्या सहलीत तिने सगळ्या बाप्यांना गार केलं. क्लबात बायकांना सभासद करत नसत, म्हणून कपावर नुसतं 'कोक्किला' कोरलं. तो कप बैठकीच्या फळीवर बसला. आलेला पाहुणा रेइनोची पाठ थोपटायचा. "अहो, माझा नाही, हिचा आहे," असं तो दरवेळी सांगायचा आणि दरवेळी लोक खो खो हसायचे. त्यांना ती थट्टा वाटायची. रेइनो तरी किती सांगणार? आणि हेल्मी कॉफी ओतत राहायची. मला तेव्हाही राग यायचा.

दोघांचा एक नेम होता. मला कुणी उघडलं, नुसतं तेल जरी दिलं, तरी नंतर पहिल्यांदा एकच काडतूस भरायचं, आणि नळी मातीकडे. "घरातल्या माणसाचा विश्वास धरावा, पण उघडलेल्या यंत्राचा नाही," असं हेल्मी म्हणायची.

मग ड्वेन झाला. रांगायला लागला तशी हेल्मीने मला डब्यात घातलं आणि कुलपात ठेवलं. वर्षातून एकदा, बर्फ वितळलं की ती मला बाहेर काढायची, पुसायची, तेल द्यायची आणि परत ठेवायची. माझी तक्रार नव्हती. आपल्या माणसाने जपून बाजूला ठेवणं निराळं आणि विसरणं निराळं.

गेल्या नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या दिवसांत, रेइनो गेला. अंत्यविधीला आलेल्यांचे कप हेल्मी विसळत होती, तेव्हा ड्वेन पाठीमागे येऊन म्हणाला, "आई, बाबांचं पिस्तूल मी नेऊ? जरा बघतो त्याच्याकडे."

ती म्हणाली, "ने." तिला वाटलं, पुसून, तेल देऊन आणेल. नळ वाहत होता. 'बाबांचं' हा शब्द तिने ऐकला तरी का, कोण जाणे.

आता या ड्वेनविषयी सांगायलाच हवं. माणूस वाईट नाही. रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवतो, आईच्या दारातलं बर्फ आधी काढतो. पण कुठलीही वस्तू आहे तशी राहिली की त्याचे हात शिवशिवतात. त्याच्या स्वतःच्या घराच्या तळघरात हौसेचं टेबल आहे. त्याच्या बायकोने, मार्सीने, घेतलेलं नवंकोरं कॉफीचं यंत्र त्याने 'सुधारलं', तेव्हापासून ते कॉफी कमी देतं आणि शिट्टी जास्त मारतं. अशा माणसाच्या तावडीत मी सापडलो.

पहिल्या दिवशी त्याने माझ्या मुठीच्या फळ्या काढल्या. हातात धरून बघितल्या आणि म्हणाला, "बाबांच्या एवढ्या थोरल्या पंजाला ह्या कशा पुरायच्या?"

अरे गाढवा, तोच तर प्रश्न आहे! उत्तर तुझ्या हातात आहे, चार पावलं पुढे जाऊन विचार की आईला! पण नाही. त्याने खांदे उडवले आणि दोन्ही फळ्या लाकडाच्या तुकड्यांच्या बादलीत टाकल्या. ती बादली भरली की तो आईच्या सौनाला जळण म्हणून नेऊन देतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग सुरू झाला माझा शृंगार. मुठीला काळं रबर, जाडजूड. माझा निळसर काळा रंग खरवडून वाळूसारखा पिवळट रंग फासला. वरचा जो भाग मागे सरकताना घोडा ओढतो आणि पुढे येताना काडतूस नळीत नेतो, त्याला भोकं पाडली, 'वजन कमी होतं' म्हणे. चाप लालभडक. लग्नात आजोबांना नातवाचे कपडे घालून उभं करावं तसा मी दिसत होतो. मार्सी खाली आली आणि बघतच राहिली.

"हे कुणाचं? तुझ्या बाबांचं? ते बघायला नाहीत हे बरंय."

"तुला त्यातलं काय कळतं? सगळी हौशी मंडळी हेच करतात."

"कॉफीच्या यंत्राच्या वेळी पण हेच म्हणाला होतास."

हे सगळं मी सोसलं असतं. रंग काय, कातडीवरचा. पण एका दुपारी त्याने मला पुरतं उघडलं आणि माझा तो दात घासायला घेतला. चाप हलका हवा, म्हणून. स्क्रीनवर कुणीतरी करून दाखवत होतं, ते बघत बघत हा घासत होता. तो दाखवणारा कुठे थांबला ते याने पाहिलं नाही, कारण तेवढ्यात याचा फोन वाजला आणि बोलता बोलता याचा हात चालूच राहिला. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात माझी अब्रू! मी ओरडलो असतो, पण आम्हाला एकच आवाज दिलाय आणि तो कुणी ऐकू नये असा आहे.

जोडून झाल्यावर त्याने रिकामाच चाप ओढला. "लोणी!" म्हणाला. "मार्सी, बघ, नुसती फुंकर मारली तरी सुटतोय."

"हे चांगलं की वाईट?"

"चांगलं गं!"

"मग चालवून पाहिलंस?"

इथे त्याचा आवाज जरा ओला झाला. "नाही. नव्या रूपातली पहिली गोळी आईच्या हातची."

आमच्या क्लबाची रीत आहे. बर्फ वितळून मैदान उघडलं की पहिल्या स्पर्धेच्या दिवशी, हिवाळ्यात गेलेल्या सभासदाच्या घरच्या माणसाने पहिली गोळी झाडायची. या वर्षी तो मान कोक्किलांचा होता. ड्वेनने मनाशी ठरवलं होतं, बाबांचं पिस्तूल नवं करून आईच्या हातात द्यायचं, आणि तोवर एकही गोळी झाडायची नाही. केवढं प्रेम! आणि त्या प्रेमापायी ज्याची पकड झिजवली ते हत्यार, एकदाही न तपासता, म्हाताऱ्या आईच्या हातात द्यायला निघाला होता. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्याला दोष दिसलाही नव्हता, कारण नव्या रंगाला ओरखडा नको म्हणून तो माझा वरचा भाग लाडाने, धरून, हळूहळू मिटवायचा. पिस्तूल असं मिटवत नाहीत. मिटवताना सोडून द्यायचं असतं, खटकन. त्या धक्क्याला झिजलेला दात टिकणार नाही, हे मला ठाऊक होतं. हेल्मी मला तसंच मिटवते, हेही ठाऊक होतं.

स्पर्धेच्या दिवशी ऊन होतं, कडेला मळका बर्फ अजून होता. टेबलावर वेलचीचा पाव आणि कॉफी मांडलेली. मैदानाचा प्रमुख गॉर्डी टेर्वो, रेइनोचा खाणीतला सोबती, पुढे आला.

"हेल्मी, तुम्हाला जमेल ना? नाहीतर मी हात धरतो."

"कुणाचा, माझा की तुमचा? तुमचाच थरथरतोय."

लोक हसले. ड्वेनने पेटी उघडली आणि मला तिच्यापुढे धरलं. "आई, बाबांचं पिस्तूल. ओळखलंस का?"

तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मला लाज वाटली, लाल चापाची, पिवळ्या अंगाची, सगळ्याचीच. तिने मला हातात घेतलं. रबरी मूठ तिच्या बोटांत मावेना. ड्वेनने मॅगझिन, म्हणजे काडतुसांची भरलेली डबी, पुढे केलं, ते तिने घेतलं, अंगठ्याने काडतुसं एकेक करून टेबलावर काढली आणि एकच परत भरलं.

"आई, सगळी भर की. फोटो काढतोय मी."

"काढ."

ती रेषेवर गेली. माझी नळी तिने पुढच्या मातीकडे वळवली. बोट चापापासून लांब, बाहेर सरळ ठेवलेलं. आणि तिने माझा वरचा भाग सोडून दिला, खटकन, जसा सोडायचा असतो तसा.

माझा दात सुटला. कुणी चाप ओढला नव्हता. कुणी काही केलं नव्हतं. गोळी तिच्या पावलांपुढच्या मातीत घुसली आणि चिखल तिच्या स्कर्टवर उडाला.

गॉर्डी ओरडला, "थांबा! सगळ्यांनी थांबा!" ड्वेनचा फोन खाली पडला. हेल्मी हलली नाही. तिने मला रिकामं करून, उघडंच टेबलावर ठेवलं. मग ती बाकावर बसली.

"स्प्रिंग खराब निघाली असेल," ड्वेन म्हणाला. तोंड पांढरंफटक पडलेलं, तरी जीभ चालूच. "हल्ली माल चांगला येत नाही..."

"ड्वेन." हेल्मीने कोटाच्या खिशातून काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. सफरचंदाच्या लाकडाची फळी, माझी, एक. "ही तुझ्या बादलीत मिळाली. सौना पेटवताना."

"अगं, त्या जुन्या... आणि दुसरी?"

"दुसरी मी जाळली. अंधारात लाकूड समजून माझ्या हातांनी घातली. ही हाताला लागली तेव्हा कळलं. माझ्याच हाताच्या मापाची आहे, हाताला कळणार नाही?"

"तुझ्या?"

"ते पिस्तूल तुझ्या बापाचं नव्हतं. माझं होतं. तो कपही माझा. तो जन्मभर सगळ्यांना सांगत राहिला आणि तुम्ही जन्मभर हसत राहिलात."

गॉर्डीने टोपी काढली. तोही हसणाऱ्यांतलाच होता. ड्वेन म्हणाला, "तू कधी बोलली नाहीस, आई."

"तू कधी विचारलंस? मला वाटलं, ही फळी मिळालीय, आता येईल, सांगेल काय केलं ते. महिनाभर वाट बघितली. आणि आज एकच गोळी भरली, कारण तू सांगितलं नाहीस. सगळी भरली असती, ती एकामागून एक सुटली असती आणि तू इथे फोटो काढायला पुढे उभा असतास तर?"

ड्वेन खाली बसून आईच्या स्कर्टवरचा चिखल पुसायला लागला, आणि त्याला रडू फुटलं ते थांबेना.

म्हणून मी आता इथे, या टेबलावर. झिजलेला दात फेकून दिलाय. माझ्या वयाच्या पिस्तुलांचा एक खरा जाणकार पलीकडच्या गावात आहे, तो कारखान्याचा अस्सल दात बसवणार आहे, तपासून, गोळ्या झाडून. भोकं मात्र बुजणार नाहीत. ती मी वागवायचीच.

माझा राग गेलाय असं समजू नका. हौस करणाऱ्यांनो, रंग लावा, मिरवा, मी कोण सांगणार? पण जे दुसऱ्याचं आहे त्याला हात लावण्याआधी विचारा. आणि ज्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे ते फोनवर बोलता बोलता घासू नका.

आज ड्वेन आलाय. पेटी नाही, कानस नाही. सफरचंदाच्या त्याच झाडाच्या बुंध्याचा एक तुकडा शेडमध्ये सापडला, तो आणलाय, आणि एक कागद. दोन्ही टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "आई, तुझा हात हवा होता. देशील?"

हेल्मीने हात पुसला आणि कागदावर ठेवला. बोटं आता वाकडी झालीत, सांधे सुजलेत. रेइनोने काढलेलं माप आता तिला बसलंच नसतं. ड्वेनने पेन्सिल फिरवायला सुरुवात केली.

"आई, बोट हलवू नकोस."

ती हलवतेय. मुद्दाम हलवतेय.