उशाखालचा चाकू

निजामाच्या मुलखातल्या वाशीच्या पेठेत महांतप्पांचं कापडाचं दुकान होतं, पण लोक ते ओळखायचे त्यांच्या चाकूवरून. विलायती, मिटता, शिंपल्याच्या मुठीचा. सोलापूरहून आणताना तामलवाडीच्या नाक्यावर निजामाच्या शिपायानं तो तपासायला म्हणून घेतला आणि निव्वळ हौसेनं इतक्या वेळा उघडमीट केली, की मागं गाड्या खोळंबल्या. तेव्हापासून चाकू महांतप्पांच्या बंडीच्या आतल्या खिशात, बारीक साखळीला. रोज पूजा झाली की त्याला तेलाचं बोट, मऊ फडकं, आणि मग टक. मिटताना तो असा खणखणीत वाजायचा, की तो ऐकून समोरचे दुकानदार दुकानाच्या फळ्या काढायचे.

चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही, हा नेम. मागितला तर महांतप्पा म्हणत, "काय कापायचंय ते आणा इकडं." लोक पेरू आणत, सुतळीची गाठ आणत. एकानं वेसण आणली, बैलासकट. महांतप्पांनी पायरी उतरून तीही कापून दिली. पुढं लढाई सुरू झाली, विलायती माल यायचा थांबला, आणि नेम आणखी कडक झाला.

अशात लेक शिवकांता बाळंतपणाला आली. मुलगी झाली. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड हवं, नाहीतर बाहेरचं काहीबाही जवळ येतं. महांतप्पांच्या बायकोनं, पार्वतम्मांनी, विळा काढला. शिवकांता तो बघून म्हणाली, "अव्वा, कूस बदलली तर कानच जाईल की माझा. आप्पांचा चाकू दे."

"आन् दुकानात म्या काय करू?" महांतप्पा दाराबाहेरून म्हणाले.

"कात्री हाय की," पार्वतम्मा म्हणाल्या.

"कात्री काय खिशात ठिवतात?"

पण लेकीला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी साखळी सोडली. मग नवीच पंचाईत. पार्वतम्मांचं म्हणणं, पातं दिसल्याशिवाय बाहेरचं भिणार कसं? महांतप्पांचं म्हणणं, लेकराशेजारी उघडा चाकू कोण ठेवतं?

"मग अर्धा उघडा ठिवा."

"अर्ध्यात ठिवला तर कमान ढिली पडंल," महांतप्पा म्हणाले. आवाज इतका कातर झाला, की पार्वतम्मांनी आतून नातीलाच काही झालं का ते बघितलं.

तोड अशी निघाली. चाकू मिटूनच ठेवायचा. दिवेलागणीला महांतप्पांनी तो उघडून चारी कोपऱ्यांना दाखवायचा, टक करून मिटायचा नि परत उशाखाली सारायचा. बाहेरच्यांना तेवढी समज पुरे.

पहिल्याच संध्याकाळी नात भोकाड पसरून रडत होती. टक झालं आणि ती गप्प.

"पारख हाय पोरीला," महांतप्पा म्हणाले.

सव्वा महिना सरला तोवर टक ऐकल्याशिवाय पोरीला झोप येईना. चाकू परत साखळीला लागला, आणि शिवकांतेची तामलवाडीला सासरी जायची वेळ आली. "आप्पा, चाकू द्या मला. ही तिकडं घर डोक्यावर घेईल."

"लेकीला चाकू देऊ न्हाय. नातं तुटतं."

तसं मानतात हे खरं, पण सांगताना त्यांचा हात खिशावर होता. शिवकांता त्या हाताकडं बघत राहिली.

"म्या येतो की संगं," ते घाईनं म्हणाले. "पोर रुळली की परततो."

मोटारीत पोर रडली की ते टक करत. ड्रायव्हर दोनदा खाली उतरून चाकं बघून आला.

तामलवाडीत शिवकांतेच्या सासऱ्यांनी, ईरण्णांनी, पहिल्या दिवशी विचारलं, "ईवाई, मागं दुकान कोण बघतंय?" पुढं ते रोजच विचारू लागले, आणि त्यातली काळजी रोज थोडी कमी होत गेली. महांतप्पा बधले नाहीत. दिवेलागण झाली की पाळण्याशी हजर.

एका संध्याकाळी ते ईरण्णांबरोबर ज्वारी बघायला गेले आणि परतायला अंधार पडला. लगबगीनं घरात शिरले, तर रडणं नाही. विहीणबाई, प्रेमाबाई, पाळण्याशी सुपारी कातरत बसलेल्या. कट. कट. पोर गाढ झोपलेली.

"बरं झालं, ईवाई," प्रेमाबाई म्हणाल्या. "अडकित्ता बी चालतोय तिला. आता खुशाल दुकानाला जावा."

पोर शांत, चाकू खिशात. मनासारखं झालं होतं, आणि महांतप्पांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली.

"कुठला म्हणायचा तो अडकित्ता?" त्यांनी शिवकांतेला हळूच विचारलं.

"जत्रंतला असंल, आप्पा."

"गंजलाय."

"तिला काय कळतंय त्यातलं."

"कळत व्हतं. आमच्याकडं असताना कळत व्हतं."

सकाळी निघताना त्यांनी साखळी सोडली आणि चाकू खोलीच्या मधोमध भुईवर ठेवला. "म्या दिलेला न्हाय. इथं पडलाय. दिसंल त्यानं उचलावा."

"आता कशाला, आप्पा? ती झोपती की अडकित्त्यावर."

"म्हणूनच. माझी नात गंजक्या अडकित्त्यावर वाढायची न्हाय. रोज तेलाचं बोट. आन् अर्धा उघडा ठिवायचा न्हाय."

वाशीला परतल्यावर पहिलं गिऱ्हाईक दगडोबा. गाठ बसलेली सुतळी घेऊन आलेला.

"महांतप्पा, जरा चाकू..."

"काय कापायचंय ते आणा इकडं," महांतप्पा म्हणाले आणि हात खिशात गेला. नुसती साखळी लागली. थोडा वेळ ते तिच्याशीच चाळा करत राहिले. मग त्यांनी सुतळी घेतली आणि गाठीला दात लावले.

"अवो, कात्री हाय की समोर," दगडोबा म्हणाला.

"हाय की," महांतप्पा दातांतूनच म्हणाले. "पर तिला आवाज न्हाय."