तयार असल्याची पाटी

सकाळी सातला रेडिओवर क्लेमचा आवाज आला की मेरिनचा दिवस सुरू व्हायचा. आखातात गेलेल्या होड्यांची हजेरी क्लेम घ्यायचा. तो एकेक नाव पुकारायचा, पलीकडून कुणी वाऱ्याबद्दल सांगायचं, कुणी मासे लागत नाहीत म्हणून कुरकुरायचं, आणि सगळं संपल्यावर क्लेम न चुकता म्हणायचा, "आणि किनाऱ्यावर चहा पीत बसलेल्यांनाही नमस्कार." मेरिनकडे होडी नव्हती. नवरा नऊ वर्षांपूर्वी दूरच्या डार्विन शहरात गेला तो तिकडचाच झाला, जाताना होडीही घेऊन गेला. ती घरूनच प्रोग्रॅम लिहायची आणि तिच्या कामावरची माणसं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला; ती उठायची तेव्हा ते लोक झोपायच्या तयारीत असायचे. दिवसभरात तिच्या कानावर पडणारा माणसाचा आवाज बहुतेक तेवढाच. तो नमस्कार आपल्यालाच आहे असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणी विचारलं असतं तर साफ नाकारलं असतं.

आता सात आठवडे तो आवाज नव्हता.

झालं होतं ते असं. उत्तरेकडून तापलेला वारा सुटला होता, रविवारची दुपार होती. गावची वीज क्षणभर गेली आणि आली. नेमक्या त्याच मिनिटाला वेड नावाच्या गृहस्थाच्या होडीत पाणी शिरलं आणि त्यानं संकटाचं बटण दाबलं. धक्क्यावरच्या रेडिओच्या खोलीत घंटा वाजायला हवी होती, ती वाजली नाही. वेड चार तास बर्फाच्या पेटीला मिठी मारून तरंगत राहिला. वाचला बिचारा. पण तेव्हा खुर्चीत कोण होतं, हे गाव विचारणारच. खुर्चीत होता चौऱ्याहत्तर वर्षांचा क्लेम.

"मी जागाच होतो," क्लेम म्हणाला. "पडद्यावर नावाच्या जागी शून्यं आली आणि गेली. घंटा वाजलीच नाही."

तो प्रोग्रॅम अकरा वर्षांपूर्वी मेरिननं गावासाठी हौसेनं लिहून दिला होता. म्हणून धक्क्याचा कारभार बघणाऱ्या समितीच्या नोलीननं तिला फोन केला.

"मेरिन, एवढंच सांग, प्रोग्रॅम ठीक आहे ना? पाचला बैठक आहे."

"बघते."

"बघतेस काय? तूच लिहिलायस ना?"

मेरिननं घरच्या संगणकावर तो दहा हजार वेळा बंद करून चालू केला. एकदाही काही बिघडलं नाही. खोलीतलं यंत्र मागच्या वर्षी बदललं होतं, हाताच्या पंजाएवढी डबी, आतली चिपही वेगळी. ती डबी उद्या जाऊन बघू, असं तिच्या मनात होतं. पण पावणेपाच वाजले होते. तिनं फोन उचलला आणि छातीठोकपणे सांगितलं, "ठीक आहे." मग कुणीच पुढे काही तपासलं नाही. मेरिन म्हणते म्हणजे झालं! म्हाताऱ्याला डुलकी लागली असणार, असं ठरलं आणि क्लेमकडून खोलीची किल्ली मागून घेतली. ती उद्याची भेट मग राहूनच गेली. खरं सांगायचं तर मेरिननं ती राहू दिली.

हजेरी आता एल्वा नावाची बाई घेऊ लागली होती. सामानाची यादी वाचावी तशी ती नावं वाचायची. एका मंगळवारी पहाटे वीज पुन्हा गेली-आली आणि सात वाजता एल्वा हजेरीच्या मध्येच अडखळली.

"पुढची होडी... आज यंत्र चालू केलं तेव्हा हिच्या नावाच्या जागी नुसती शून्यं होती बघा. मी घाबरलेच. आता आहे बरोबर."

मेरिननं चहाचा कप खाली ठेवला. आठ वाजता ती धक्क्यावर हजर.

"ही डबी मला दुपारपर्यंत हवी. तोवर ते जुनं यंत्र हाताशी ठेव."

"ने की. माझं मेलीचं काय जातंय?" एल्वा म्हणाली. "हिच्यापेक्षा माझी पाव भाजायची भट्टी शहाणी आहे."

कोपऱ्यात बसून मेरिननं त्या डबीवर प्रोग्रॅम बंद-चालू, बंद-चालू करायला लावला. पाच हजार वेळा काही नाही. पंधरा हजार झाले. एल्वानं सारण भरलेली गरम पेस्टी आणून दिली ती तशीच गार झाली. एकतीस हजारांच्या पुढे कधीतरी पडद्यावर एक ओळ उमटली: नावाच्या जागी सहा शून्यं.

मग ती स्वतःचंच जुनं लिखाण उघडून वाचत बसली. त्या प्रोग्रॅममध्ये चार कामगार एकाच वेळी राबायचे. एक होड्यांचे निरोप ऐकणारा, एक नकाशा काढणारा, एक घंटा वाजवणारा, एक नोंदी ठेवणारा. चौघांनाही एकच यादी लागायची: कुठलं बटण कुठल्या होडीचं. ती सुरुवातीला एकदाच भरायची. जो पहिला येईल त्यानं आतून कुलूप लावून भरायची, बाकीच्यांनी दाराबाहेर थांबायचं. सरळ काम. पण दर वेळी कुलपाला हात लावण्यात वेळ जातो, असं तेव्हाच्या मेरिनला वाटलं. तिनं दाराबाहेर 'तयार' अशी एक पाटी टांगायची सोय केली. पाटी दिसली की कुलपाकडे न बघता सरळ आत. आधी यादी भर, मग पाटी लाव, असंच तिनं लिहिलं होतं. मात्र बाकीच्यांना ते त्याच क्रमानं दिसलं पाहिजे, हे चिपला बजावून सांगावं लागतं. ते तिनं सांगितलं नव्हतं. तिच्या घरच्या चिपला न सांगताही ते पाळायची सवय. डबीतली चिप घाईची. तिच्यावर कधीतरी पाटी आधी दिसायची आणि यादी मागून. घंटेवाला पाटी बघून आत गेला, वेडच्या ओळीत शून्यं बघितली, अशी होडीच नाही असं समजला आणि गप्प बसला. पुढच्याच क्षणी सगळं जागच्या जागी. वीज जाऊन आल्यावर यंत्र पुन्हा चालू होतानाच्या त्या एका पापणीएवढ्या वेळातच हे घडू शकत होतं.

एकदाच भरायचं आणि भरून होईपर्यंत सगळ्यांना थांबवायचं, याची तयार सोय त्या प्रोग्रॅमच्या भाषेत होती. मेरिनला ती माहीत होती, आणि तिनं नाक मुरडलं होतं. काय तर म्हणे, हळू चालते! या आखातात कुणाला कळणार होतं ते?

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. मग तिच्या ध्यानात आलं. पावणेपाचला नोलीनला दिलेला शब्दही तसलाच होता. आत काही भरलेलं नसताना बाहेर लावलेली पाटी. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

समितीला तिनं पत्र लिहिलं. चूक माझी, क्लेम खरं बोलत होता, मी न तपासता ठीक आहे म्हणाले. हे तीन वाक्यांचं पत्र लिहायला दुपार गेली. मग ती क्लेमच्या शेडवर गेली. तो खेकड्यांचं जाळं शिवत होता.

"क्लेम, शून्यं होती. तुम्ही म्हणालात तशी."

"किती?" त्यानं मान वर केली नाही.

"सहा."

"सहाच. मी नोलीनला सहाच सांगितली होती." त्यानं दोरा दातांनी तोडला. "बेकरीत मला बघून लोक घोरायचा आवाज काढतात, ठाऊक आहे? मीही हसतो. काय करणार?"

"मी सगळ्यांना लिहिलंय. माझी चूक होती. मला माफ करा."

"चुकीचं काही वाटत नाही गं पोरी. मी स्वतः दोन होड्या खडकावर घातल्यात." मग त्यानं बोट दाखवलं. "ते तुझं घर ना? या स्टुलावरून दिसतं. सात आठवडे मी बघत होतो. एकदा येऊन विचारलं असतंस, क्लेम, तुम्हाला काय दिसलं? तेवढंच."

"नाही आले," मेरिन म्हणाली.

"नाही आलीस," तो म्हणाला आणि सुई ओवू लागला.

सोमवारी क्लेम खुर्चीत परत आला. नोलीननं मेरिनचं पत्र धक्क्यावरच्या फळ्यावर लावलं होतं, साऱ्या गावानं वाचलं होतं. मेरिन साडेसहालाच रेडिओपाशी कप घेऊन बसली. सातला तो आवाज आला आणि तिनं रेडिओ मोठा केला.

"वेड, नव्या होडीचं बटण दाब बघू एकदा."

मागे घंटा खणखणली.

"ऐकली. जागा आहे मी."

रेडिओवर सगळी होडीवाली मंडळी खो-खो हसली. बेकरीतला हिशेब क्लेमनं एका वाक्यात चुकता केला होता. मेरिनही एकटीच हसली. नावं पुढे सरकली. शेवटची होडी झाली. मेरिननं कप दोन्ही हातांत धरला.

"झाली सगळी," क्लेम म्हणाला. "चॅनेल मोकळं."

रेडिओ खरखरत राहिला. ती चहा निवेपर्यंत बसली. मंगळवारीही बसली, बुधवारीही. क्लेम रोज सगळी नावं घ्यायचा, विनोद करायचा, आणि तिथंच थांबायचा. तो नमस्कार आपल्यालाच होता की नाही, याची मेरिनला इतकी वर्षं खात्री नव्हती. आता झाली.